पन्हाळ्याला ३२ दात कशाला? – ‘पेडलवीर’ यांना उत्तर

पेडलवीर यांस,

‘पहिली रोडबाईक घेताना’ या लेखाखाली परवा रात्री पावणेदोनला तुमची प्रतिक्रिया आली. सगळ्यांनी ती वाचली असेलच असं नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. पेडल काढायची दिशा मी चुकीची लिहिली, ही पहिली तक्रार. दुसरी तुमच्याच शब्दांत : “पन्हाळा चढायला मागं ३२ दात लागत असतील तर काका, तुम्ही मोपेड घ्या.” (चढासाठी मागच्या चाकावरच्या सगळ्यात मोठ्या दातचक्राला ३२ दात असू देत, असं मी लेखात म्हटलं होतं. मागं दात जास्त तितकं पेडल हलकं.) तिसरी, नवीनच सायकल घ्या म्हणणं कॉलेजच्या पोरांना परवडत नाही आणि जुनी कशी पारखायची यावर लेखात एक ओळही नाही. चौथी, सायकल गाडीतून नेण्याचा भाग वरवरचा आहे. शेवटी “अभ्यास वाढवा” आणि त्यापुढं तीन उद्गारचिन्हं.

पेडलचं आधी मिटवतो. चूक माझी. डाव्या पेडलला उलटे आटे असतात हे मला ठाऊक नाही असं नाही, पण लिहिण्याच्या भरात ‘दोन्ही पेडलं डावीकडं फिरवा’ असं गेलं. कुठलंही पेडल असो, पान्हा वरच्या बाजूला उभा धरून मागच्या चाकाकडं ओढला की ते सुटतं. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. माझं वाक्य प्रमाण मानून तुमच्या धाकट्या भावानं डावं पेडल आणखी आवळलं आणि शेवटी उद्यमनगरात जाऊन ते सोडवून आणावं लागलं, हेही तुम्ही लिहिलंय. त्याला माझ्यातर्फे सॉरी सांगा. अशा बारीकसारीक चुका होतात आणि त्या कबूल करायला मला कधीच कमीपणा वाटलेला नाही.

पण चूक दाखवायची एक रीत असते. मी ४८ वर्षांचा आहे. गल्लीतली पोरं मला काका म्हणतात, त्याचं मला काही नाही. तुम्ही मात्र त्या शब्दानं चिमटा काढलाय. आपल्या कोल्हापुरात शिवीशिवाय मैत्री पुढं सरकत नाही, ते मला शिकवू नका. पण ती शिवी मिसळ खाताना समोरासमोर द्यायची असते. टोपणनावाच्या आडून अर्ध्या रात्री देतात तिला आमच्याकडं वेगळं नाव आहे. ते इथं लिहीत नाही.

आता ३२ दातांकडं येतो.

माझी पहिली रोडबाईक २०११ ची. मुंबईतल्या एका ओळखीच्यानं वापरलेली, पुढच्या दोन चक्रांना ५२ आणि ३९ दात, मागच्या चक्रांना १२ पासून २५ पर्यंत. त्या वेळी गिअरचं गणित सांगणारं मला कोणी भेटलं नाही. सायकल दिसायला काटा किर्र होती, मी घेतली. पन्हाळ्याला गेलो की वाघबीळ सोडल्यावर चढ लागायचा आणि मी खुर्चीवरून उठून, हँडल उपसत, सायकल डावी-उजवी हलवत वर जायचो. दोस्त म्हणायचे, नाद खुळा. मलाही तसंच वाटायचं. पुढच्या वर्षी गगनबावड्यावरून करूळ घाट उतरलो आणि त्याच सायकलीनं तो परत चढून आलो. सकाळी उठलो तर उजवा गुडघा वाकेना. वाटीच्या खाली बोट लावलं तरी कळ यायची. देवळाच्या पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागायचा. अडीच महिने सायकल माडीवर उलटी टांगलेली होती.

तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसलो, ते तुम्हीही बसा. ७०० बाय २५ च्या टायरचा परीघ साधारण २.१ मीटर. चढाला माझ्यासारखा माणूस ताशी ९ किलोमीटरवर येतो, म्हणजे मिनिटाला १५० मीटर. पुढं ३९ आणि मागं २५ दात, म्हणजे ३९-२५ वर, त्या वेगाला पेडलचे मिनिटाला ४६ फेरे पडतात. ३४-२८ वर ५९. ३४-३२ वर ६७. वेग तोच, घाम तोच. पण ६७ च्या जागी ४६ फेरे मारताना प्रत्येक दाबाला पायाचा जोर जवळपास दीडपट लागतो आणि तो गुडघा देतो. ज्याची मांडी तालमीत घडली आहे त्यानं खुशाल २५ वर चढावं. मी लेख लिहिला तो आयुष्यातली पहिली रोडबाईक घेणाऱ्यासाठी. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आणि रविवारी पहाटे उठणाऱ्या माणसासाठी. त्याला मी हेच सांगणार : पुढं ५०-३४ असू दे, मागं ११-३२ माग, दुकानदार ११-२८ वाली देत असेल तर पैसे देण्याआधीच कॅसेट, म्हणजे मागच्या दातचक्रांचा जुडगा, बदलून घे, आणि मागचा डीरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, तेवढे दात पेलतो ना हे विचारून घे.

आणि सायकलीचे गिअर बनवणाऱ्या शिमानो कंपनीनं २०२१ मध्ये काढलेल्या बारा गिअरच्या ड्युरा-एसला, म्हणजे त्यांच्या सगळ्यात वरच्या सेटलाही, ११-३४ ची कॅसेट मिळते. ती लावणाऱ्यांनाही मोपेडच्या शोरूमला पाठवणार का? मर्दा, तुझा गुडघा अजून बोललेला नाही, म्हणून तुझं तोंड चालतंय.

माफ करा. तुमचं.

मला अनुभव नाही असंही तुमच्या लिहिण्यातून वाहतंय, म्हणून सांगतो. १९८९ साली वडिलांच्या काळ्या सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून मी रंकाळ्याला फेऱ्या मारल्या आहेत. बीआरएमची, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला गाठायच्या सायकल राईडची, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरी करावी लागते, ती मी १३ तास १० मिनिटांत केली आहे, पावसात, दोन पंक्चर काढून. वेळ फार भारी नाही, माहीत आहे. पण त्या दिवशी मागं ३२ होते आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर चालत गेलो.

टायरवर तुम्ही काही बोलला नाहीत, पण तुमच्या फोटोतल्या सायकलीला २३ मिलिमीटर रुंदीचे दिसतात. आपल्याकडं ऊसतोड सुरू झाली की ट्रॉल्या रस्त्यावर काय काय सांडत जातात ते मी सांगायला नको. कांड्यावरून २३ चं चाक कसं सटकतं ते एकदा कळेलच. २८ घाला, हवा थोडी कमी ठेवा. आणि पावसाळ्यात पंचगंगेला पूर येऊन रेडेडोह फुटला की पन्हाळ्याचा रस्ताच पाण्याखाली जातो, तेव्हा दातांचा वाद आपोआप मिटतो.

गाडीतून नेण्याचा भाग वरवरचा? २०१६ मध्ये मी बेंगळुरूला एका खासगी ट्रॅव्हल्सनं सायकल नेली. डिकीत स्वतः वाकून ठेवली, डाव्या अंगावर आडवी, म्हणजे डीरेलर वरच्या बाजूला राहील. इथवर शहाणपण होतं. वाटेत कुणाचा तरी माल चढला आणि क्लीनरनं बरोबर डीरेलरवर गुळाचे दोन रवे, म्हणजे ढेपा, ठेवल्या. सकाळी उतरवली तेव्हा सायकलीला गुंडाळलेल्या कागदाला गूळ चिकटलेला होता आणि डीरेलरचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला धरून ठेवणारा छोटा तुकडा, आत वळलेला. मला ते दिसलं नाही. पहिल्याच चढाला चेन मागच्या मोठ्या दातचक्रावर टाकली तशी डीरेलरची पिंजरी स्पोकमध्ये गेली, तीन स्पोक तुटले आणि सहल तिथंच संपली. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, दुसऱ्याचा बसत नाही. तिथल्या तीन दुकानांत फिरलो, मिळाला नाही. तेव्हापासून प्रवासाला निघताना मागचा डीरेलर सोडून, फडक्यात गुंडाळून फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधतो, आणि जादा हँगर टूलकिटमध्ये असतो. हे लेखात नव्हतं, कबूल. लेख लांबला असता.

रेल्वेचं लेखात होतंच, तुम्ही वाचलं नाहीत. तिकीट दाखवून सायकल लगेज म्हणून बुक केली तर ती तुमच्याच गाडीनं जाते. नुसतं पार्सल टाकलं तर ती कुठल्या गाडीनं जाईल ते त्यांच्या सोयीवर. तुम्ही महालक्ष्मीनं मुंबईला पोचणार आणि सायकल मागून कधीतरी. म्हणून स्टेशनवर वेळेच्या बरंच आधी जा, नाव आणि फोन नंबर सायकलीला दोन ठिकाणी बांधा, पंप आणि बाटल्या काढून जवळ ठेवा. याला वरवरचं म्हणत असाल तर म्हणा.

राहिला जुन्या सायकलींचा मुद्दा. त्यावर मी मुद्दामच लिहिलं नव्हतं. जुनी घेऊन काय होतं ते वर गुडघ्याच्या गोष्टीत आलंच आहे. कार्बनची फ्रेम पडून आतून तडकली असेल तर वरच्या रंगावरून भल्याभल्यांना कळत नाही. ॲल्युमिनियमची असेल तर जोडांजवळ हात फिरवा, चेन किती ताणली आहे ते मोजा, चाकं फिरवून बघा, झालं. कॉलेजच्या पोरांना परवडत नाही हे खरं असेल, पण तो महागाईचा प्रश्न आहे आणि तो माझ्या लेखानं सुटणारा नाही.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, तशीच ठेवली आहे, उद्गारचिन्हांसकट. येत्या रविवारी पहाटे साडेपाचला आम्ही पाच-सहा जण शिवाजी पुलापासून पन्हाळ्याला निघणार आहोत. तुमची कॅसेट कितीची आहे ते विचारणार नाही. धाकट्या भावालाही आणा, त्याचं पेडल मी बघून देतो. आणि पातळ वॉल्वला चालणारा पंप असेल तर तेवढा बरोबर घ्या, माझ्या पंपाचं डोकं गळतंय.