एमपी३ केल्या म्हणजे जपल्या?

‘पेनड्राइव्हमध्ये आहे ना सगळं!’ हे वाक्य यापुढे घरात कोणी उच्चारलं तर त्याला तो पेनड्राइव्ह गिळायला लावणार आहे.

आजीच्या जात्यावरच्या ओव्या मामाने नव्वदच्या दशकात कॅसेटवर घेतल्या होत्या. कव्हरवर त्याच्या बारीक अक्षरात सगळं होतं: कोण गातंय, कुठल्या गावी, कधी. घरच्यांनी हौसेने त्या ‘डिजिटल’ करायला दुकानात टाकल्या. परत काय आलं? एका पेनड्राइव्हमध्ये एमपी३ फाइली: ट्रॅक ०१, ट्रॅक ०२, ट्रॅक ०३. संपलं. आजी कुठली, तिची नणंद कुठली, बाजू ए की बी, कशाचा पत्ता नाही.

वर ६४ केबीपीएस, म्हणजे सेकंदाभराच्या आवाजाला जेमतेम ६४ किलोबिट! नव्वद मिनिटांची अख्खी कॅसेट ४३ एमबीत कोंबलीय. जात्याची घरघर ऐकली तर वाटतं, पाण्याखाली कोणीतरी मिक्सर लावलाय. अहो, सीडीच्या दर्जाची वॅव्ह फाइल मिनिटाला १० एमबी घेते, म्हणजे कॅसेटमागे जवळपास १ जीबी. ‘गुड मॉर्निंग’चे व्हिडिओ साठवायला त्याहून जास्त जागा आहे की सगळ्यांच्या फोनमध्ये! तेही जड जात असेल तर फ्लॅक प्रकारची फाइल करा, साइज कमी होते आणि आवाजातलं काहीच जात नाही. एमपी३ इतरांना वाटायला ठीक, पण मूळ प्रत म्हणून ती ठेवायची? दुकानदाराला हे सांगायला गेलो तर म्हणतो, ‘याच फाइली वॅव्ह करून देतो की, दोनशे जास्त.’ गेलेला आवाज दोनशेत परत येणार!

मग पुन्हा कॅसेटवरूनच करून घेऊ म्हटलं. तर मामी म्हणाली, भंगारात दिल्या, आता काय करायच्यात. कव्हरांसकट!

हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ या अभ्यासकांच्या गटाने गावोगाव हिंडून लाखावर ओव्या जमवल्या, तिथे गाणारीचं नाव-गाव नोंदलेलं असतं. आम्हाला आमच्या एका आजीचं जमलं नाही.

आणि प्रत किती? एक! ती दादाच्या गाडीत, उन्हात तापतेय. नवी गाणी भरायला जागा हवी म्हणून त्याने मधले काही ट्रॅक उडवलेसुद्धा. ‘सगळे सारखेच वाटत होते,’ म्हणे.

आता हे आवाज ओळखणारी एकटी मावशी उरलीय. तिच्याशेजारी बसून उरलेल्या फाइलींना नावं द्यायची, एवढंच काम आहे. ग्रुपवर विचारलं, कोण येतंय? तेरा जणांनी हात जोडलेले इमोजी टाकलेत.