स्लॅब उकळून कार्ड सुटत नाही

‘ग्रेडेड कार्डाचा स्लॅब घरच्या घरी उघडा, ९ चे १० करा’ अशी एक क्लिप सध्या व्हॉट्सॲपवर हिंडतेय. कार्ड म्हणजे पोकेमॉनसारखी जमवायची कार्डं, आणि स्लॅब म्हणजे ती ज्यात बंद असतात ती प्लास्टिकची डबी. तिच्यात सांगितलंय ते थोडक्यात असं: बंद स्लॅबमध्ये हवा जात नाही, त्यामुळं आपल्याकडच्या उन्हाळ्यात कार्ड आतल्या आत खराब होतं, म्हणून ते बाहेर काढा. स्लॅब उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवला की आतला गोंद पातळ होतो आणि कार्डाला पाण्याचा थेंबही लागत नाही. नाही जमलं तर कडेनं नेलपॉलिश रिमूव्हर सोडा. तेही नसेल तर हातोडी आहेच. निघालेल्या कार्डावर पातळ कापड टाकून इस्त्री फिरवा आणि परत ग्रेडिंगला पाठवा, आकडा वाढतो. आणि जुनं लेबल सांभाळून ठेवा, ते कायमचं सर्टिफिकेट आहे.

एवढे मुद्दे, आणि पूर्ण खरा एकही नाही. मी दुर्लक्षच केलं असतं, पण परवा रात्री लातूरहून भाच्याचा फोन आला. पोरगा तिथं नीटच्या क्लासला आहे, होस्टेलला राहतो. अमेरिकेतल्या चुलत्यानं पाठवलेलं पोकेमॉनचं एक होलो, म्हणजे चमकत्या फॉइलचं, कार्ड त्याच्याकडं आहे, पीएसए या ग्रेडिंग कंपनीनं दहापैकी ९ दिलेलं. म्हणाला, “मामा, केटलमध्ये पाणी उकळूलालंय. स्लॅब आख्खा बुडवू का अर्धा?” ज्या केटलमध्ये रोज रात्री मॅगी होते, त्याच केटलमध्ये! आधी बटण बंद करायला लावलं, मग क्लिप मागवली. क्लिप पाठवणारे आमच्याच भावकीतले एक काका निघाले. त्यांनी जन्मात एक कार्ड हातात धरलेलं नाही.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. पीएसए, बेकेट, सीजीसी अशा कंपन्या कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाई मध्यावर आहे का हे तपासून १ ते १० असा आकडा देतात. मग ते कार्ड लेबलासह कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत बंद करतात. ती डबी म्हणजे स्लॅब. पोकेमॉनचीच कार्डं असतात असं नाही. नव्वदच्या दशकात फ्युटेरा या ऑस्ट्रेलियन कंपनीनं काढलेली क्रिकेटची कार्डंही लोक असे स्लॅब करून ठेवतात.

आता उकळत्या पाण्याकडं येऊ, कारण सगळ्यात जास्त नासाडी याच मुद्द्यानं होणार आहे.

परभणीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळं ही कल्पना कुठून आली असेल हे मला लगेच कळलं. मोबाईलची काच आम्ही सेपरेटर मशीनवर ठेवतो. ८०-९० अंशांवर गोंद सैल पडतो, मग तार फिरवली की काच सुटते. क्लिपवाल्याला वाटलं स्लॅबही तसाच असणार. पण स्लॅबमध्ये गोंद नसतोच. दोन्ही अर्ध्या डब्या अल्ट्रासॉनिक वेल्डिंगनं जोडलेल्या असतात. सेकंदाला वीस हजार किंवा त्याहून जास्त कंपनं दिली की प्लास्टिकच्या कडा घासून क्षणभर वितळतात आणि एकमेकांत मुरतात. म्हणजे जोडही प्लास्टिकचा आणि डबीही त्याच प्लास्टिकची. जोड सुटण्याइतकी उष्णता द्यायची तर आख्खी डबीच मऊ पडणार, आणि तिच्या मध्ये तुमचं कार्ड बसलंय.

त्यात लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंचावर. तिथं पाणी शंभरलाही पोचत नाही, ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. तेवढ्यानं वेल्ड सुटत नाही. फार तर डबी वाकडी होते.

‘थेंबही लागत नाही’ हे तर धादांत खोटं. स्लॅब धूळ अडवतो, ओरखडे अडवतो. पाणी अडवायला तो बनवलेलाच नाही. दोन डब्यांच्या जोडात बारीक फटी असतात. गरम पाण्यात गेला की आतली हवा फुगून त्या फटींतून बुडबुड्यांनी बाहेर पडते. थंड व्हायला लागला की तितकीच जागा रिकामी होते आणि तिथं पाणी ओढलं जातं. कार्ड म्हणजे शेवटी कागदाचे थर. वरून चकाकी असली तरी कापलेल्या कडा उघड्याच असतात, पाणी तिथूनच शिरतं. होलो कार्डात तर कागदाला धातूच्या पातळ फॉइलची जोड असते. कागद फुगतो, फॉइल फुगत नाही, आणि कार्ड धनुष्यासारखं वाकतं. पावसाळ्यात नुसत्या दमट हवेनं होलो कार्डं वाकतात हे ज्याच्याकडं ती आहेत त्याला विचारा. इथं तर सरळ आंघोळच घालायची म्हणे.

आणि ती क्लिप जरा थांबवत थांबवत बघा. पाण्यात जाताना स्लॅबचे चारही कोपरे शाबूत आहेत. चिमट्यानं बाहेर काढल्यावर लेबलाच्या बाजूचा एक कोपरा सरळ रेषेत कापलेला दिसतो. गरम पाण्यानं कोपरा असा कापला जात नाही, कटरनं जातो. मधे कॅमेरा बंद झालाय, एवढंच.

हवा लागत नाही म्हणून कार्ड गुदमरतं, या मुद्द्यावर वेळ घालवायची गरज नाही. ज्या फटींतून पाणी जातं त्यातून हवा जात नाही का? उन्हाळ्याचं म्हणाल तर अर्धी गोष्ट मान्य. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, आणि पत्र्याच्या खोलीत खिडकीशी ठेवलेल्या कार्डाचा रंग उन्हानं उडू शकतो. पण त्यावर उपाय कार्ड सावलीत, कपाटात ठेवणं हा आहे. स्लॅब फोडून तेच कार्ड त्याच खिडकीत ठेवलं तर काय साधणार?

नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे मुख्यतः ॲसिटोन. हे खूळ बहुतेक नाणी जमवणाऱ्यांकडून आलंय. जुन्या नाण्यावरचा चिकटपणा काढायला ते शुद्ध ॲसिटोन वापरतात आणि धातूला त्यानं काही होत नाही, इथपर्यंत खरं. कार्ड धातूचं आहे का? दुकानात कधी थिनरचा थेंब मोबाईलच्या प्लास्टिक कव्हरवर सांडला तर जागेवर पांढरट डाग उठतो, बोट लावलं तर चिकट लागतं आणि बोटाचा ठसा तिथंच राहतो. ॲसिटोन स्लॅबच्या प्लास्टिकचं तेच करतं आणि फटीतून आत ओघळलं तर शाईला आणि वरच्या वार्निशलाही सोडत नाही. हातोडीबद्दल इतकंच, की डोळे दोनच असतात आणि त्या प्लास्टिकचे टवके काचेसारखे उडतात.

इस्त्री. इथं नुकसान तर आहेच, वर लबाडीही आहे. गरम इस्त्रीनं वरचा चकचकीत थर कापडाला धरतो, फॉइलला फोड येतात, उठावाची नक्षी असेल तर ती बसते. तिरक्या उजेडात भिंगाखाली हे लगेच दिसतं. दाबलेलं, कापलेलं, रंगवलेलं कार्ड कंपनीनं ओळखलं तर आकडाच देत नाही. म्हणजे ९ चे १० राहू द्या, हातातला ९ पण गेला.

याच धंद्यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण सांगतो. अमेरिकन टोबॅको कंपनीनं १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून वाटलेल्या टी२०६ मालिकेत होनस वॅगनर या बेसबॉलपटूचं एक कार्ड आहे. पीएसए १९९१ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिनं ग्रेड केलेलं पहिलं कार्ड हेच, आणि आकडा दिला ८. हॉकीपटू वेन ग्रेट्झकी त्याचा एक मालक होता. २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला विकलं गेलं. कडा इतक्या स्वच्छ कशा, अशी कुजबुज वर्षानुवर्षं होती. २०१३ मध्ये लिलावदार बिल मॅस्ट्रो यानं फसवणुकीच्या खटल्यात अमेरिकन कोर्टात कबूल केलं की त्या कार्डाच्या कडा त्यानंच कापल्या होत्या. लिलावातल्या खोट्या बोल्याही त्याच खटल्यात होत्या. २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली. आता कुणी म्हणेल, बघा, पास झालंच होतं की! झालं होतं, आणि मॅस्ट्रोला तुरुंगही पाहावा लागला. नववी-दहावीच्या पोरांना हाच रस्ता दाखवायचाय का?

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो. स्लॅब फोडणं हा गुन्हा नाही. कार्ड तुमचं, डबी तुमची. जाणते संग्राहकही फोडतात. कुणाला कार्ड बाइंडरमध्ये लावायचं असतं, कुणाला दुसऱ्या कंपनीकडं पाठवायचं असतं. कार्डाला हातही न लावता परत पाठवल्यावर कधी आकडा वाढतो, कारण तपासणारी माणसंच आहेत. तसाच तो कमीही होतो, ते क्लिपमध्ये सांगत नाहीत. शिवाय छपाईच मध्यावर नसेल तर ते कारखान्यातलं वैगुण्य, घरी काही करून जात नाही.

नुसता स्लॅब ओरखडला असेल तर फोडायची गरजच नाही. कंपनीकडं तसाच बंद पाठवला तर ती नवी डबी घालून देते. दुसऱ्या कंपनीचा आकडा हवा असेल तरी बंद स्लॅब पाठवून ‘किमान इतका मिळत असेल तरच उघडा’ असं लिहिता येतं.

तरी फोडायचाच असेल तर भाच्याला सांगितलं तेच सांगतो. आधी दोन्ही बाजूंचे आणि लेबलाचे फोटो काढ. चष्मा लाव. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात वायर कापायचा निपर मिळतो, तो घे, आणि काम जाड टॉवेलवर कर. लेबलाकडचा कोपरा निपरनं थोडा थोडा तोड. कार्ड तिथून लांब असतं, म्हणून सुरुवात तिथूनच. फट पडली की सपाट पेचकसाचं नुसतं टोक तिच्यात ठेवून पिळायचं. आत ढकलायचं नाही, कारण पेचकस सटकला की थेट कार्डात घुसतो. कडकन आवाज येतो आणि जोड बोटभर उकलतो. तसंच कडेकडेनं पुढं जायचं. वरची डबी सरळ वर उचलायची, सरकवायची नाही, तुटलेली धार कार्डावर ओरखडा काढते. मग खालची डबी तिरकी करून कार्ड स्वच्छ कापडावर पडू द्यायचं, नखानं उचकटायचं नाही. बेकेटच्या स्लॅबमध्ये कार्ड आणखी एका पातळ स्लीव्हमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या पाकिटात, असतं. ती ओढून काढू नये, कडेनं कात्रीनं उघडावी. कार्ड लगेच नव्या स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे वरून उघड्या कडक पाकिटात.

राहिलं लेबल. स्लॅब फुटला त्या क्षणी आकडा संपला. सुटं कार्ड आणि सुटं लेबल शेजारी ठेवून ‘हे ९ चं आहे’ म्हणालात तर जाणता गिऱ्हाईक विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. जुनी लेबलं विकत घेणारे लोक असतात, खोट्या स्लॅबमध्ये घालायला. त्यामुळं लेबल कुणाला देऊ नका. कंपनीला नंबर कळवून परत पाठवा, म्हणजे तिच्या नोंदीतून ते कार्ड कमी होतं. नसेल पाठवायचं तर नंबरावरून आडवी कात्री चालवा.