आरोपपत्र आलं की 'सगळं मान्य' लिहून मोकळं व्हायचं?

विभागीय चौकशीचं आरोपपत्र हातात पडलेल्या कर्मचाऱ्याला चहूबाजूंनी एकच सल्ला मिळतो: 'दोषारोप सरसकट मान्य करून टाक. चौकशी होणार नाही, ठपक्यावर निभावेल, आणि शिक्षा जास्त झालीच तर अपिलात बघू.' घाबरलेल्या माणसाला हे पटतं. म्हणूनच यातलं एकेक वाक्य तपासायला हवं.

'चौकशी होणार नाही.' हे बऱ्याच अंशी खरं आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 खाली सगळे दोषारोप लेखी मान्य झाले, तर शिस्तभंग प्राधिकारी, म्हणजे शिक्षा देण्याचा अधिकार असलेला वरिष्ठ, स्वतःला आवश्यक वाटेल तेवढाच पुरावा घेऊन निष्कर्ष नोंदवू शकतो. पण चौकशी टळली की साक्षीदारांची उलटतपासणीही टळते आणि चौकशीत तुमची बाजू मांडणाऱ्या बचाव सहायकाची मदतही. खात्याची बाजू मांडणाऱ्या सादरकर्ता अधिकाऱ्याला काहीच सिद्ध करावं लागत नाही. जे हक्क तुमच्यासाठी ठेवलेत, तेच तुम्ही सोडून देता.

'ठपक्यावर निभावेल.' असं कोणत्याही नियमात लिहिलेलं नाही. कबुलीबद्दल ठरावीक सूट नाही. नियम 10 खालची किरकोळ शिक्षेची नोटीस असेल, तर प्रामाणिक खुलासा देऊन चूक मान्य करणं अनेकदा शहाणपणाचं ठरतं. आरोपपत्र नियम 8 खालचं असेल, तर मात्र जबर शिक्षेचा विचार आधीच सुरू आहे, आणि त्यात बडतर्फीही येते. 'साहेबांनी शब्द दिलाय' हे फाइलवर कुठेच नसतं. शिवाय प्रस्तावित शिक्षेवर म्हणणं मांडायची, सरकारी नोकराला संरक्षण देणाऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 311 मधली वेगळी संधी 1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीने काढून टाकली आहे.

आता आरोपपत्राची भाषा पाहा, खरी मेख तिथेच आहे. समजा, एका लिपिकाने वसुलीची रक्कम बारा दिवस उशिरा भरली. दोषारोप येतो तो असा: 'शासकीय रक्कम विलंबाने भरणा करून तात्पुरता अपहार केला व नितांत सचोटी राखली नाही.' विलंब खरा आहे. पण रक्कम तिजोरीतच होती, रोखपाल रजेवर होता, चलन पुस्तक संपलं होतं. 'दोषारोप मान्य' या दोन शब्दांत विलंबाबरोबर अपहारही मान्य होतो. लिहायला हवं ते असं: भरणा उशिरा झाला हे मान्य, रक्कम स्वतःसाठी वापरली हे अमान्य, कारणं ही, कागद हे. कृती आणि हेतू वेगळे मांडण्यात लबाडी नाही, खरं तेवढंच सांगणं आहे.

अर्थात, कृतीच गैरवर्तन असेल तर ही फोड तारत नाही. म्हैसूर राज्यातल्या एका पोलीस शिपायाने घटना मान्य केल्या होत्या, 'दोष मान्य केला नव्हता' असं त्याचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ती दोषाचीच कबुली धरली. उलट, जगदीश प्रसाद सक्सेना विरुद्ध मध्य भारत राज्य या प्रकरणात कबुली स्पष्ट आणि निःसंदिग्ध नव्हती, म्हणून तिच्या आधारे कामावरून काढणं टिकलं नाही.

पैशाच्या प्रकरणात आणखी एक धोका असतो. विभागीय चौकशी आणि फौजदारी खटला एकाच वेळी चालू शकतात, आणि इथली लेखी कबुली तिथे पुढे केली जाऊ शकते. सल्ला देणारे नेमकं हेच सांगत नाहीत, याचा मला राग आहे.

'अपिलात बघू.' अपील करता येतं, पण अपील प्राधिकाऱ्यासमोर सर्वात आधी तुमच्याच सहीचा कागद येतो. दबावाखाली लिहून घेतलं, हे दाखवायची जबाबदारी मग तुमच्यावर. उच्च न्यायालय पुरावा नव्याने तोलत बसत नाही, बी. सी. चतुर्वेदी प्रकरणात 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिक्षा न्यायालयाच्या सदसद्विवेकाला धक्का देणारी असेल तरच तिच्यात हात घालायचा. कबूल केलेल्या अपहारावरची बडतर्फी तशी वाटण्याची शक्यता फार थोडी.