‘राजा भिकारी’ हे मी घुसडलेलं वाक्य नाही

नमस्कार. लोककथांत समाजावरची टीका असते, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर इतकं सविस्तर आणि परखड लिहिलंत, आधी त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप दोन. लोककथा मुलांच्या करमणुकीच्या, त्यांत समाजावरची टीका शोधणं म्हणजे आजचे विचार जुन्या गोष्टींच्या तोंडी घालणं, हा पहिला. उलट याच गोष्टी सावत्र आईला राक्षसीण ठरवून मुलांच्या मनात पूर्वग्रह पक्के करतात, हा दुसरा.

पहिला मला अजिबात मान्य नाही. आपली उंदराच्या टोपीची गोष्ट घ्या. सापडलेल्या चिंधीची टोपी शिवून घेऊन उंदीर ढोलकं बडवत निघतो. राजा टोपी काढून घेतो, तर हा ओरडतो, ‘राजा भिकारी, माझी टोपी घेतली!’ वैतागून राजा ती परत देतो, तर ‘राजा मला भ्याला, माझी टोपी दिली!’ घेतली तरी नाचक्की, दिली तरी नाचक्की. यात मी बाहेरून काय आणलं? प्रजेच्या वस्तूवर हात टाकणारा राजा भिकारी, हे गोष्टच म्हणते आणि चार वर्षांचं पोर ते ठेक्यात म्हणतं. करमणूक आहेच. ती आहे म्हणून तर ते वाक्य टिकलं.

नागड्या राजाची गोष्ट डॅनिश लेखक अँडरसनने 1837 मध्ये छापली. त्यात खरं बोलतं ते लहान मूल. पण 14व्या शतकातल्या स्पेनमध्ये डॉन खुआन मानुएल या लेखकाने ती लिहिली, तेव्हा ठगांनी राजासाठी विणल्याचं भासवलेलं कापड फक्त औरस मुलांनाच दिसणार होतं. अनौरस ठरलो तर वारसा जाईल, म्हणून सगळे गप्प. तोंड उघडतो तो राजाचा घोडा सांभाळणारा काळा माणूस. आपला बाप कोण ठरतो याने त्याचं काहीच जाणार नव्हतं. वारसाहक्काने माणसं कशी मिंधी होतात, हे याहून नेमकं कसं सांगायचं?

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि लेखात मी त्याला बगल दिली ही माझी चूक. जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या 1812 च्या आवृत्तीत हान्सेल आणि ग्रेटेल या भावाबहिणीला जंगलात सोडायला लावते ती त्यांची सख्खी आई. घरात खायचे वांधे आहेत. 1840 च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. भूक गोष्टीत राहिली, पण दोष बाईच्या स्वभावावर गेला. टीकेची धार अशी छापताना बोथट होते.

सिंड्रेलाच्या बाबतीत मात्र सावत्र आई नंतर छापताना आली, ही सबबही देता येत नाही. 9व्या शतकातल्या तशाच चिनी कथेतल्या ये शिएन या मुलीलाही सावत्र आईच छळते. तिथे तुमचंच बरोबर. लेखाखाली तशी भर घालतो आहे.