पाकोळ्या मारणं सोडा, आधी मूळ शोधा

स्वयंपाकघरात पाकोळ्या, म्हणजे धान्या-पिठात होणारे ते छोटे पतंग, दिसायला लागल्या की लोक दोन गोष्टी करतात. टाळ्या वाजवत त्यांच्यामागे धावतात, आणि बाहेर कुणाला कळू नये म्हणून गप्प बसतात. दोन्हींचा उपयोग शून्य.

आधी गप्प बसण्याबद्दल बोलते, कारण मला राग त्याचाच जास्त येतो. डब्यात जाळी दिसली रे दिसली की घरातल्या बाईच्या स्वच्छतेवर बोट. अहो, ही कीड बहुतेक वेळा विकत घेतलेल्या पाकिटातूनच घरात येते. गोदामात, गिरणीत, दुकानात, कुठेही अंडी पडलेली असू शकतात, आणि अंडं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, दिसणार कुणाला? पाकीट सीलबंद होतं म्हणून निर्धास्त राहू नका. अळी पातळ प्लास्टिक आणि कागद कुरतडून आरपार जाते. ओटा लख्ख असला तरी पाकोळ्या होतात. लाज वाटून घेण्यासारखं यात काही नाही.

आता ती पाकोळी एकदा बसलेली असताना नीट बघा. लांबी साधारण 8 ते 10 मिलिमीटर. पंखांचा डोक्याकडचा भाग फिकट राखाडी, मागचा तांबूस तपकिरी, मागची बाजू रंगात बुडवून काढल्यासारखी. शास्त्रीय नाव प्लोडिया इंटरपंक्टेला. धान्यात होणाऱ्या पाकोळ्या आणखीही आहेत, पण घरात बऱ्याचदा भेटते ती हीच. आणि ही उडणारी पाकोळी काहीही खात नाही! खाणं सगळं अळी असतानाच उरकलेलं असतं. पुढचे एक-दोन आठवडे फक्त जोडीदार शोधायचा आणि अंडी घालायची. एक मादी शे-दोनशे, कधी चारशेपर्यंतही अंडी घालते. म्हणजे तुम्ही चप्पल घेऊन जिच्यामागे धावताय, तिचं नुकसान करून झालेलं आहे. खाणारी मंडळी अजून डब्यातच बसली आहेत.

म्हणून शोधायचं काय, तर जाळं. पीठ चाळताना गोळे चाळणीत राहतात आणि त्यांना बारीक तंतू लोंबतात. तांदूळ हाताने उचलला तर दाणे एकमेकांना धरून माळेसारखे वर येतात. सुक्या मेव्याच्या तळाशी भुसा आणि चिकट धागे. आणि फिरकीच्या झाकणाची बरणी असेल तर झाकण काढून त्याचे आटे बघा. तिथे मळकट पांढरी, तपकिरी डोक्याची अळी कोष विणून आरामात बसलेली सापडते. बाहेरून बरणी अगदी सज्जन दिसते.

मूळ बहुधा रोजच्या डब्यात नसतंच. रोजचा डबा उघडला जातो, संपतो, घासला जातो. ते असतं रबर लावून मागे सारलेल्या अर्ध्या पाकिटात, कुणीतरी दिलेल्या आणि ‘नंतर खाऊ’ म्हटलेल्या चॉकलेटच्या खोक्यात, कधीकाळी हौसेने आणलेल्या बियांमध्ये. आणि पूर्ण वाढलेली अळी कोष करायला खाणं सोडून लांब चालत जाते, भिंत चढते, कधी दुसऱ्या खोलीतही पोचते. त्यामुळे छताच्या कोपऱ्यात अळी दिसली म्हणून कीड तिथे आहे असं समजू नका.

सापडलं की टाका. ‘चाळून घेऊ, काय होतंय’ हे मला पटत नाही. अळ्या चाळणीत राहतील, अंडी खाली जातील. पिशवीचं तोंड घट्ट बांधून त्याच दिवशी घराबाहेर. या पाकोळ्या चावत नाहीत, चुकून एखादी अळी पोटात गेली तर घाबरायचं कारण नाही, पण जाळं, विष्ठा आणि कातींसकट पीठ खायची हौस कुणाला असते? शेजारच्या डब्यातलं, वरवर चांगलं दिसणारं मात्र वाचवता येतं. उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, नाहीतर पाणी सुटून ओलसर होईल.

कपाटाच्या फटी, बिजागऱ्या, फळीच्या खुंट्यांची भोकं, खाली अंथरलेला कागद, हे सगळं व्हॅक्यूमने ओढून घ्यायचं आणि त्याची पिशवी लगेच रिकामी करायची. नंतर घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा धातूच्या बरण्या. तमालपत्रावर माझा विश्वास नाही. त्याच्याच गुंडाळीत कोष केलेला मी पाहिलाय. फवारे तर नकोतच. डब्यातल्या अळीपर्यंत ते पोचत नाहीत, अन्नाजवळ मात्र पोचतात.

आणि धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या? ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतून हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन वायू सुटतो. त्याच्यावर उतारा नाही. बंदिस्त गोदामात प्रशिक्षित माणसांनी वापरायची वस्तू आहे ती. घरात वापरून माणसं, लहान मुलं गेलेली आहेत. ‘आम्ही कित्येक वर्षं वापरतोय’ असं कमेंटमध्ये लिहिणाऱ्यांशी मी आज वाद घालणार नाही, पण ती कमेंट काढून टाकीन.

चिकट सापळे मिळतात ते घ्या, पण त्यांच्याकडून भलती अपेक्षा नको. त्यात मादीचा गंध असतो, म्हणून फक्त नर अडकतात, आणि उरलेला एकटा नरही अनेक माद्यांना पुरतो. सापळा पाकोळ्या संपवत नाही, अजून आहेत की नाहीत एवढंच सांगतो.

सगळं आवरल्यावरही काही आठवडे एखाददुसरी उडताना दिसेल. फटीत आधीच कोष केलेल्या असतात त्या. उबदार घरात अंड्यापासून पाकोळीपर्यंत महिना-दीड महिना, थंडीत बराच जास्त. धीर धरा. दोन महिन्यांनीही सापळ्यात नर अडकतच असतील तर मूळ हुकलंय. मग स्वयंपाकघर सोडा आणि कुत्र्या-मांजराचं कोरडं खाद्य, पक्ष्यांचे दाणे, शोभेच्या वाळक्या फुलांची परडी, शेकायला वापरतात ती धान्य भरलेली उशी, हे सगळं एकेक करून उजेडात आणा.