‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’

नाशिकरोडच्या एका मराठी शाळेत मी ३१ वर्षे शिकवले आणि वरचा शेरा किती प्रगतिपुस्तकांवर लिहिला, याची मोजदाद नाही. गेल्या वर्षी तोच शेरा माझ्या चौथीतल्या नातवाच्या प्रगतिपुस्तकावर आला, तेव्हा त्यातून पालकाला काहीच कळत नाही, हे मला उशिरा का होईना उमगले.

तोंडी विचारले की तो सगळे सांगायचा. फळ्यावरचे उतरवायला बसला की तीन ओळींत थांबायचा. बालरोगतज्ज्ञांनी आधी डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगितले, झोपेची चौकशी केली आणि बोलता बोलता तो मध्येच काही क्षण एकटक पाहत राहतो का, हेही विचारले, कारण आकडीचा एक प्रकार तसा दिसतो आणि शिक्षकांना ते दुर्लक्ष वाटते. (माझ्या वर्गात अशी मुले असतील का, हा विचार त्या दिवसापासून पाठ सोडत नाही.) त्यानंतरच त्यांनी न्यूरोसायकॉलॉजिकल मूल्यमापनाचा, म्हणजे मेंदूची वेगवेगळी कामे कशी चालतात हे चाचण्यांतून पाहण्याचा, सल्ला दिला.

हे मूल्यमापन म्हणजे बुद्ध्यांक काढणे, असा समज आमच्याही घरात होता. प्रत्यक्षात दोन सकाळी मिळून सुमारे पाच तास भाषा, स्मरणशक्ती, एकाग्रता, आकृत्यांची समज, नियोजन आणि कामाचा वेग हे सारे स्वतंत्रपणे पाहिले गेले. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो, पण मूल शिकते कसे आणि अडते कुठे, हे अशा चाचण्यांतून समजते. अहवाल हाती येताच माझ्या मुलाने, नातवाच्या वडिलांनी, पहिला प्रश्न विचारला, ‘‘आई, आयक्यू किती आला?’’ आकडा सर्वसाधारण होता. सरासरी १०० मानली, तर सुमारे दोनतृतीयांश मुले ८५ ते ११५ यांच्या दरम्यान असतात, आणि हाही त्यांतलाच. परंतु भाषेची समज वयापेक्षा बरीच पुढे आणि लिहिण्याचा वेग बराच मागे, ही तफावत त्या एका आकड्यात पूर्णपणे झाकली गेली होती.

भाषेचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मूल घरी मराठी बोलते, शाळा इंग्रजी माध्यमाची आणि चाचणी इंग्रजीत, असे झाले तर अडचण शब्दांची आहे की स्मरणशक्तीची, हे ठरवणे अवघड होते. मानसशास्त्रज्ञ कामतांनी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे रूपांतर मराठी आणि कानडी मुलांसाठी फार पूर्वी केले, मॅलिन यांनी वेक्स्लर यांची बुद्धिमापन चाचणी भारतीय मुलांसाठी बेतली. मात्र मुलाचे गुण ज्यांच्याशी ताडून पाहायचे, ते त्या वयाच्या इतर मुलांचे आकडे त्यांत आता जुने झाले आहेत. म्हणून कोणती चाचणी कोणत्या भाषेत घेणार, हे आधीच विचारावे. चाचणी घेणाऱ्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे (अशा तज्ज्ञांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे) नोंदणी आहे का, हेही विचारण्यात संकोच नसावा.

घटक चाचणीत एकदा गुण घसरले म्हणून कोणी या वाटेला जाऊ नये. डोक्याला मोठा मार लागला असेल, अपस्मार (वारंवार आकडी येणे) असेल, मेंदूज्वर किंवा कर्करोगावरील उपचार होऊन गेले असतील, मूल फार अपुऱ्या दिवसांचे असेल, किंवा नीट शिकवूनही अनेक महिने वाचन-लेखन पुढे सरकत नसेल, तर मात्र टाळाटाळ करू नये. येत असलेल्या गोष्टीच मूल विसरू लागले, तर आधी मेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे. अध्ययन अक्षमतेचा (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या कायमच्या अडचणीचा) समावेश २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, पण परीक्षेतील सवलतींसाठी सरकारी प्रमाणपत्र लागते; खासगी अहवाल म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

नातवाचा वेग अजूनही कमीच आहे. त्याच्या बाई आता फळ्यावरचा मजकूर छापून देतात आणि तो कागद दप्तराच्या तळाशी चुरगळलेला सापडतो. त्यासाठी मात्र कोणत्याही चाचणीची गरज नाही.