फोर्डने पगार दुप्पट केला, पण मायेपोटी नाही

माझा भाचा चाकणला एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. पगारवाढीचा विषय निघाला, तेव्हा सुपरवायझरने शिफ्टच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. 'मामा, हे खरं आहे का?' म्हणून भाच्याने तो मला पाठवला. त्यात लिहिलंय: हेन्री फोर्डने मोटारीचा शोध लावला, पाच वेळा दिवाळं निघूनही हार मानली नाही, असेंब्ली लाइन (गाडी पुढे सरकत जाते, प्रत्येक कामगार जागेवरून एकच काम करतो, ती पद्धत) त्याच्याच डोक्यातून निघाली, आणि १९१४ साली कामगारांवरच्या मायेपोटी त्याने सगळ्यांचा पगार एका दिवसात दुप्पट केला. खाली तात्पर्य: 'मागू नका, मालक आपणहून देतो.'

शोधाचं आधी उरकतो. जर्मनीत कार्ल बेंझचं पेटंट १८८६ चं आहे. अमेरिकेतही डुरिया बंधूंनी १८९६ साली एकाच नमुन्याच्या १३ गाड्या बनवल्या. त्याच वर्षी जूनमध्ये फोर्डची पहिली गाडी डेट्रॉईटमधल्या घरामागच्या शेडमध्ये तयार झाली. ती दारातून बाहेर निघेना, तेव्हा त्याने कुऱ्हाडीने भिंतीच्या विटा फोडल्या. माणूस जिद्दी होता, हे मान्यच.

दिवाळ्याची गोष्ट अर्धीच खरी. पहिली कंपनी १९०१ मध्ये गुंडाळली गेली, दुसरीतून तो १९०२ मध्ये बाहेर पडला आणि तिचीच पुढे कॅडिलॅक ही मोटार कंपनी झाली. तिसरी, १९०३ ची, ती आजची फोर्ड. म्हणजे दोन अपयशं, पाच नव्हेत. असेंब्ली लाइनची कल्पनाही शिकागोच्या कत्तलखान्यांतून आली. तिथे जनावर हुकाला लटकून पुढे सरकायचं आणि कामगार जागेवर उभा असायचा.

आता पगार. मला राग आलाय तो याच मुद्द्याचा.

१९१३ साली फोर्डच्या हायलंड पार्कच्या कारखान्यात लाइन सरकू लागली. साडेबारा तासांत जुळणारी चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, दीड तासात जुळू लागली. पण दिवसभर तोच एक नट आवळायला माणसं टिकेनात. १९२२ च्या 'माय लाइफ अँड वर्क' या आत्मचरित्रात फोर्ड स्वतः सांगतो की १४,००० माणसं कायम कामावर राहावीत म्हणून वर्षाला सुमारे ५३,००० भरती करावी लागत होती. प्रत्येक नवा माणूस शिकवायचा, तोवर तो निघून जायचा. म्हणून जानेवारी १९१४ मध्ये आठ तासांना पाच डॉलर जाहीर झाले. आधी नऊ तासांना अडीच डॉलरच्या आतच मिळायचे. त्याच पुस्तकात तो लिहितो की खर्च कमी करणाऱ्या त्यांच्या उत्तम निर्णयांपैकी हा एक होता. १९१५ मध्ये भरती ६,५०८ वर आली. दयेचा दावा खुद्द फोर्डच करत नाही, मग हे फॉरवर्डवाले कुठून करतात?

आणि 'सगळ्यांचा' हेही खोटं. वाढीव रक्कम नफ्यातला वाटा म्हणून अटींवर मिळायची. कंपनीचे निरीक्षक घरी यायचे: दारू पितो का, बचत किती, घर नीट ठेवलंय का, भाडेकरू किती ठेवलेत. त्यांच्या नजरेत नापास झाला, तर वाटा बंद.

पैसे मात्र खरे होते आणि हजारो घरांना त्यांचा आधार झाला, हे मी नाकारत नाही.

भाच्याला मी ५३,००० आणि ६,५०८ हे दोन्ही आकडे पाठवले. त्याने आपल्या लाइनवरची माणसं मोजली. दिवाळीला २२ होती, त्यांतली ९ सोडून गेलीत. तिन्ही आकडे तो आज ग्रुपवर टाकणार आहे.